दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे

गाडी विट्यात आली तेव्हा नंबरप्लेट तमिळनाडूची,
टपावर तीन गाद्या, पेपरात गुंडाळलेली समई,
आणि गाडीचं वजन अडीच टनांच्या वर.
निवास साळुंखे उतरला,
सेलममध्ये चाळीस वर्षं गलाई केलेला माणूस,
बोटांची टोकं ॲसिडनं पिवळी.
म्हणाला, "शिकलगार, भिवघाटात दम खातीया.
दुसऱ्यातनं तिसऱ्यात जाताना
मधीच कुठंतरी जाऊन येतीया."

मी विचारलं, तेल कधी बदललं?
"इंजनाचं दर पाच हजाराला."
गिअरबॉक्सचं?
"ते बदलायचं नसतंय. शोरूमवाला म्हणला, जन्मभराचं हाय."
कुणाच्या जन्माचं, ते त्यानं विचारलं नव्हतं.
गाडीनंही एकोणीस वर्षं काही सांगितलं नव्हतं.

सपाट जागा आमच्याकडं एकच, पिठाच्या गिरणीसमोर.
तिथं उभी केली, इंजिन चालू ठेवून गरम होऊ दिली,
दांडी सगळ्या घरांतून सावकाश फिरवली,
पाहुण्याला मळा दाखवावा तशी,
पुन्हा पार्कमध्ये आणली, मग पट्टी ओढली.
नवं तेल आटपाडीच्या डाळिंबासारखं लाल असतं.
हे काळं. वास करपल्या तिळाचा.

गिऱ्हाइकं म्हणतात, मशीन लाव, सगळं धुऊन काढ.
मी लावत नाही.
झिजल्या प्लेटा जुन्या तेलातल्या गाळावरच धरून असतात,
एकदम धुतलं की सुटतात.
चेंबर खोललं की साडेचार लिटर निघतं,
बाकीचं आत कन्व्हर्टरमध्ये बसून राहतं.
साडेचार नवं घालायचं,
हजार किलोमीटर फिरायचं, परत यायचं.
परत साडेचार.
निवास म्हणाला, "म्हंजे आमच्या गावाकडं येण्यागतच की.
दिवाळीला. जत्रंला."
मी बोल्ट मोजत होतो.

चेंबर खाली आलं. तळाला चुंबक,
चुंबकावर राखाडी लोणी.
मी फडक्यानं पुसणार तोच तो ओरडला, "थांब!"
गुडघा टेकता येईना त्याला,
डावा पाय लांब करून जमिनीवर बसला,
लोणी अंगठ्यावर घेतलं, घासलं, उन्हात तिरकं धरलं.
मग तळातलं उरलंसुरलं तेल बोटानं ढवळलं,
चुंबकाला जे चिकटत नाही ते शोधत.
ह्याच बोटांनी त्यानं
सराफांच्या दुकानांतला केर चाळून सोनं वेगळं काढलेलं.
"नुसतं लोखंड. पितळंचा कण न्हाय.
पितळ आलं असतं तर आतला बुश गेला असता, व्हय?"
होय, म्हटलं.
बावीस वर्षं हे काम करतोय,
मला ते बघायला अजून बॅटरी लागते.

जाळी नवी घातली, गास्केट नवं,
बोल्ट समोरासमोरचे, हलक्या हातानं.
जास्त आवळलं की चेंबर वाकतं आणि रात्रभर टिपकतं.

फेरीला भिवघाटात गेलो. तो चालवत होता.
दुसरा.
मग जरासं थांबून तिसरा.
धक्का कमी झालाय, गेला नाही,
मी तसं स्पष्ट सांगितलं.
तेव्हाच खाली नजर गेली.
त्याचा डावा पाय,
ज्याच्यावर सेलमला तापली मूस उलटली,
ज्याच्यासाठी ही बिनक्लचची गाडी घेतली,
दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे
रिकाम्या मॅटवर हळूच दाबत होता.

वर आल्यावर विचारलं त्यानं,
"आता सेलमला काय जायचं न्हाय.
हितंच फिरायचं म्हटलं
तर हजार किलोमीटरला किती दिवस लागतील?"
विट्यात? म्हटलं, वर्ष जाईल.
तो काही बोलला नाही,
दांडी डी वरच आहे ना
ते हातानं चाचपून बघितलं.